परतलेल्याचे डोळे

माउली, आपल्या गावातले एखादे लेकरू चार-पाच वर्षे जर्मनीत राहून घरी येते, तेव्हा पहिले काही दिवस त्याचे वागणे तुम्ही न्याहाळले आहे का? नळाखाली पेला धरतो आणि मग थबकून आईकडे पाहतो. तिकडे नळाचे पाणी तसेच पिण्याची सवय झालेली असते. चार्जर बोर्डात खोचतो आणि बटण दाबायचे विसरतो, कारण तिकडच्या बोर्डाला बटणच नसते. मागून हॉर्न वाजला की दचकतो. रविवारी किराणा दुकान उघडे दिसले तरी त्याला नवल वाटते. आणि सुटे पैसे नाहीत म्हटल्यावर वाणी 'द्या सावकाश' म्हणाला, की क्षणभर त्याला बोलताच येत नाही.

यातले काहीच तुम्हाआम्हाला दिसत नाही. रोजचे झाले आहे.

आता प्रश्न असा, की जे खटकते ते त्याने बोलावे की गिळावे? बोलला तर घरचे म्हणतात, 'चार दिवस बाहेर राहिला आणि आम्हाला नावे ठेवायला लागला.' आई काही म्हणत नाही, पण तिला लागते. मुलाचेही खोटे नसते. कचरा रस्त्यावर आहेच की!

मला वाटते, दिसण्यात दोष नाही. दोष शिरतो तो 'तुमच्याकडे' या एका शब्दातून. ज्या घरात वाढला त्याला तो 'तुमच्याकडे' म्हणू लागला, की अहंकार उंबरठ्याच्या आत आला असे समजावे. तेच बोलणे 'आपल्याकडे' म्हणून सुरू झाले, तर कडू असले तरी पोटात जाते. (गंमत अशी, की तिकडे असताना हाच मुलगा शेजाऱ्यांना 'आमच्याकडे असे, आमच्याकडे तसे' सांगून कंटाळा आणत असतो.)

नामदेव महाराजांचे पाहा. पंढरी सोडून ते पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणजे परमुलखाने त्यांना किती आपले मानले ते कळते. एवढे जग पाहून, एवढा मान मिळवून महाराज परतले आणि त्यांनी जागा निवडली ती महाद्वारातल्या पायरीची. आपल्या परंपरेप्रमाणे १३५० साली तिथेच ते समाधिस्थ झाले. आजही आपण ती पायरी वंदूनच आत जातो.

पण नम्र होणे म्हणजे गप्प बसणे असेही मी म्हणणार नाही. जर्मनीत पाण्याची रिकामी बाटली दुकानात परत दिली की २५ सेंट मिळतात, त्यामुळे ती फेकायला हात धजत नाही. असा मुलगा वारीत आला, तर मुक्कामाच्या तळावर पडलेल्या बाटल्या त्याला आपल्या आधी दिसतील. त्याने दिंडीप्रमुखांना 'माउली, ट्रकला एक पोते बांधून ठेवू या का?' असे विचारले, तर त्याचे परदेशात राहणे सगळ्या दिंडीच्या कामी आले. त्याच तळावर कोणी अनोळखी म्हातारबाबा वाकून त्याच्या पायांना हात लावतील, तेव्हा तो किती ओशाळेल! हेही त्याला आपल्याहून जास्त जाणवेल.

मात्र हे डोळे फार दिवस टिकत नाहीत. महिना-दोन महिन्यांत हॉर्न ऐकू येईनासा होतो, बाटली दिसेनाशी होते आणि वाण्याचे 'सावकाश द्या'ही अंगवळणी पडते. तेव्हा तुमच्या घरी कोणी नुकते परतले असेल, तर आजच पंगतीला शेजारी बसवून विचारा, 'काय काय वेगळे वाटले रे बाळा?' आणि तो पानावरून उठेपर्यंत मध्ये बोलू नका.