ऐकणाऱ्यावाचून शाळा नाही

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 साली पांडुरंग सदाशिव साने या नावाचे एक तरुण शिक्षक रुजू झाले आणि पुढे शाळेच्या छात्रालयाचा कारभारही त्यांच्याकडे आला, तेव्हा हजेरीपट, जेवणाचा हिशेब, दिवे मालवण्याची वेळ आणि चुकलेल्या मुलाला द्यावयाची ताकीद, एवढ्यावर त्यांचे काम भागले असते. पण घर सोडून आलेल्या त्या मुलांची आजारपणे त्यांनी काढली, अस्ताव्यस्त पडलेल्या खोल्या आपल्या हातांनी झाडल्या, आणि याहून विलक्षण गोष्ट म्हणजे, त्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे एक दैनिक ते स्वहस्ते लिहून काढू लागले. या दैनिकाला छापखाना नव्हता, वर्गणी नव्हती, आणि त्याचा वाचकवर्ग एका इमारतीत मावण्याएवढाच होता. 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. त्याचा लौकिक दूरवर गेला. माझे मन मात्र त्या हस्तलिखित दैनिकापाशीच पुनःपुन्हा घोटाळते. कारण शाळेत माणसे एकमेकांशी कशी बोलतात आणि कशी बोलावीत, या प्रश्नाचे खानदेशात मिळालेले सर्वांत प्रांजळ उत्तर मला त्यात दिसते.

हुकूम आणि संवाद यांतला भेद या ठिकाणी स्पष्ट होतो. हुकूम कोणालाही उद्देशून काढता येतो. त्याला वाचणाऱ्याचा चेहरा ठाऊक असण्याची गरज नसते, आणि उत्तराची तर अपेक्षाच नसते. पण ज्यांच्यासाठी आपण लिहितो ती मुले संध्याकाळी आपल्याच पंगतीला बसणार आहेत, त्यांतला कोण घरच्या आठवणीने कासावीस आहे आणि कोणाची फी थकली आहे हे आपल्याला माहीत आहे, अशा स्थितीत लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द तोलून लिहावा लागतो. रोज लिहायचे म्हणजे रोज पाहावे लागते, आणि रोज पाहायचे म्हणजे रोज ऐकावे लागते. लिहिणारे हात गुरुजींचे होते हे खरे. पण त्या लेखणीमागे दिवसभर उघडे राहिलेले कान होते, आणि त्या दैनिकाचे मर्म मला त्या कानांत दिसते.

आता वर्गात येऊ. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातील हायस्कुलात, पुष्कळ वर्षांपूर्वी, मी पाहुणा म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. गणिताच्या तासाला आठवीतला एक मुलगा धीर करून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, माले समजनं नही.” वर्ग हसला. शिक्षक दुष्ट नव्हते, त्यांनी सौम्यपणे सांगितले, “मला समजले नाही, असे म्हणावे.” मुलाने ते वाक्य शुद्ध करून म्हटले आणि तो खाली बसला. गणित तसेच राहिले. त्या तासात तो मुलगा पुन्हा उभा राहिला नाही. त्याच्या वाक्यातला अर्थ कोणी ऐकलाच नव्हता. सर्वांनी ऐकले ते केवळ त्याचे रूप. प्रमाण मराठी त्याला आली पाहिजे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु आधी ऐकून घेणे आणि मग सुधारणे हा क्रम जेथे उलटतो, तेथे भाषा येत नाही, मौन तेवढे येते.

हाच मुलगा मधल्या सुट्टीत डबा उघडून कळण्याच्या भाकरीचा तुकडा मित्राच्या हातावर ठेवताना, किंवा शाळा सुटल्यावर एस. टी.ची वाट पाहत फाट्यावर उभा असताना, किती ओघवते बोलतो! अहिराणीत थट्टा होते, कापसाच्या भावाची चिंता होते, रुसवे निघतात, समेट होतात. यावल-रावेरकडच्या शाळांत तीच गोष्ट लेवा गणबोलीची, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी-भिलीची. म्हणजे ज्याला आपण अबोल ठरवतो तो अबोल नसतोच. फाट्यावर त्याला श्रोता असतो आणि वर्गात नसतो, एवढाच फरक.

श्रोता मिळाला म्हणजे काय घडते, याचे दाखले खानदेशाने साऱ्या महाराष्ट्राला दिले आहेत. 1930 साली शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेलेले साने गुरुजी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, अठरा रविवार, विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर सहकैद्यांपुढे प्रवचने दिली, आणि ती उतरून घेतली गुरुजींनी. अमळनेरला मुलांसाठी लिहिणारा हात धुळ्याला ऐकणाऱ्याचा हात झाला. तो नसता तर ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज ज्या रूपात आपल्याला लाभला आहे, त्या रूपात लाभला नसता. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांच्या तोंडून निघालेल्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी मोलाच्या मानून टिपून ठेवल्या, म्हणूनच 1952 साली, बहिणाबाईंच्या निधनानंतर, त्या ग्रंथरूपाने मराठीला मिळाल्या. त्या ओव्यांची भाषा कोणी प्रथम शुद्ध करावयास घेतली असती, तर आपण केवढ्या धनाला मुकलो असतो! त्याच माउलीचे नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे, आणि त्याच मुलखातल्या वर्गांत ‘माले’ म्हणणारे मूल खाली मान घालते, ही विसंगती मला वेदना देते.

मोबाईलमुळे मुलांचे बोलणे संपले, अशी तक्रार अलीकडे सर्वत्र ऐकू येते. यंत्राला दोष देऊन आपली जबाबदारी संपत नाही. वर्गाचा व्हॉट्सॲप गट पाहावा: गृहपाठ, परीक्षेचे वेळापत्रक, फीची मुदत, आणि पुष्कळ ठिकाणी फक्त शिक्षकांनाच मजकूर टाकता येईल असा बंदोबस्त. साधन नवे आहे. पण त्यातून येतो तो जुना हुकूमच. मग मुले आपला वेगळा गट करतात, आणि तेथे थोरांपैकी कोणीच नसल्यामुळे एखाद्याची चेष्टा कोठे थांबवावी हे सांगणारेही कोणी नसते. एकीकडे न ऐकणारी वडीलधारी माणसे आणि दुसरीकडे वडीलधाऱ्यांवाचूनचे जग, यांच्या दरम्यान चौदा-पंधरा वर्षांचे मूल उभे आहे. गुरुजींच्या दैनिकाने नेमकी हीच मधली जागा भरून काढली होती: तेथे एक प्रौढ मनुष्य होता, पण तो पहारेकरी म्हणून नव्हता, मुलांशी रोज बोलणारा आणि त्यांचे ऐकणारा सोबती म्हणून होता.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होईल, तेव्हा जळगाव-धुळ्याच्या शिक्षक बंधुभगिनींनी एवढे करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर्गाच्या भिंतीवर एक कोरा कागद लावावा. मुलांना त्यावर आपल्या बोलीत, आपल्या घरचे, शेताचे, वाटेवरचे लिहू द्यावे; आठवड्यातून एकदा शिक्षकांनीही त्यावर चार ओळी लिहाव्यात, आणि त्या मुलांच्या मजकुराला उत्तर म्हणून असाव्यात. पहिला महिनाभर लाल शाई दूर ठेवावी. यासाठी अनुदान लागत नाही, वरिष्ठांचा हुकूम लागत नाही. आणि जे मूल सर्वांत शेवटी लिहील, त्याच्या कागदापाशी थोडे अधिक थांबावे.