कुणाच्या हवाली?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि त्याच दिवशी मुलाला जामीन मिळाला. अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट गावभर गाजली. थट्टा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण याच जामिनासाठी आजोबांनी हमी दिली होती, नातवाला वाईट संगतीपासून दूर ठेवू म्हणून. तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

बाल न्याय कायद्याचा डोलारा अशाच हमीवर उभा आहे. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन द्यायचा. तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं दिसलं, तरच निरीक्षणगृह. एरवी घर.

पण कुठलं घर? पुढे या प्रकरणात ससून रुग्णालयातले रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांबरोबर मुलाच्या आई-वडिलांनाही अटक झाली. न्यायालय ठरवील ते ठरवील. आता वस्तीतला, मोबाइल चोरताना सापडलेला मुलगा घ्या. परिवीक्षा अधिकारी घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहितो: एक खोली, बाप दारुडा, आई चार घरची धुणीभांडी करते, शेजारच्या दोघांवर केसेस. नोंद खरी असते, आणि तिच्यातली प्रत्येक ओळ मुलाच्या विरोधात जाते. गरिबीचीच ‘वाईट संगत’ होते. बंगल्यातल्या संगतीचा रकाना मात्र कोराच राहतो. तारखेला यायचं तर आईचा खाडा. ती आली नाही, की ‘पालक बेफिकीर’.

निर्भया प्रकरणानंतर २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर, निर्घृण गुन्हा असेल तर, प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. पोर्श प्रकरणात पुणे पोलिसांनी ती मागितली. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने नाकारली. लोक पुन्हा भडकले. मला निर्णय योग्य वाटतो. किमान शिक्षाच सात वर्षांची किंवा त्याहून अधिक असेल तरच गुन्हा ‘निर्घृण’, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून ठेवलं आहे, आणि जनक्षोभ पाहून व्याख्या ताणली तर ती उद्या वस्तीतल्या पोरांवरच चालेल.

अपघाताच्या दिवशी रविवार होता. रविवारीही मंडळाचा सदस्य भेटतो, वकील उभा राहतो, संध्याकाळच्या आत मुलगा घरी जातो, हे तेव्हा कळलं. मोबाइलचोराच्या आईला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.