पिशवी काढली, दुखणं राहिलं

आमच्या घराचे डॉक्टर एकच. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना. माझा गोवर त्यांनीच बघितला, आजीचा दमा त्यांनीच सांभाळला. एकदा अण्णांना रात्री दोन वाजता विंचू चावला तेव्हा लुंगीवर बाहेर येऊन दार उघडणारे तेच. पैसे नसले तर म्हणायचे, "पट्टा पडल्यावर द्या." बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला यापेक्षा जवळचा डॉक्टर कुठं मिळणार? म्हणून आधीच सांगतो, मी ज्यांच्याविषयी तक्रार लिहायला बसलोय, तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर प्रश्न सोपा झाला असता.

माझे मायबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा. पीठ-मीठ, भांडी, कोंबड्या, शेळी आणि लेकरं त्यात बसायची आणि गाव मोकळं व्हायचं. कधी सांगली, कधी कोल्हापूर, कधी पार कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला फडात, रात्री गाडी आली की पुन्हा भरायला. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन माय फळीवरून ट्रकवर चढायची. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापायचा. कोपीजवळ ना संडास, ना न्हाणी. पाळीच्या दिवसांत बाईनं काय करायचं, याचा विचार कुणाच्याच हिशेबात नव्हता.

मायचं दुखणं अशाच एका हंगामात सुरू झालं. ओटीपोटात कळ, कंबर धरलेली, अंगावरून जायचं. ती फडात बोलायची नाही. गावी आल्यावर डॉक्टरांकडं जायची आणि तिथंही अर्धंच सांगायची, कारण समोर पुरुष, पलीकडं बाकावर गावातली चार माणसं, आणि बरोबर मी. अर्ध्या सांगण्यावर डॉक्टर पूर्ण औषध द्यायचे. एक सुई, कधी सलाईन, लाल-पिवळ्या गोळ्यांची पुडी. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. "काय झालंय साहेब मला?" असं तिनं विचारलं की ते म्हणायचे, "काही नाही, अशक्तपणा आहे." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "उष्णता आहे." तिसऱ्या वर्षी, "जरा जास्तच मनाला लावून घेता तुम्ही." पाच वर्षांत तिच्या दुखण्याला पाच नावं मिळाली, आणि त्यातलं एकही खरं आहे का, हे कुणी तपासलं नाही.

२००९च्या उन्हाळ्यात त्यांनी एका मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं सोनोग्राफी झाली. तिथले डॉक्टर कागद बघत म्हणाले, "पिशवीला सूज आहे. काढून टाका. ठेवली तर पुढं कॅन्सर होईल." माय तेव्हा चौतीस-पस्तिशीची होती. मी नुकतीच बारावी सायन्सची परीक्षा दिली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. "तू शिकलेला हाईस. तूच सांग, काय करू?"

मी काय सांगणार? आईच्या पिशवीविषयी बोलायचं म्हणून माझी मान खाली गेलेली. कॅन्सर हा शब्द ऐकून पोटात गोळा आलेला. डॉक्टरला उलट प्रश्न विचारायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दुसरा काही इलाज आहे का, गोळ्यांनी सूज उतरते का, आणखी एखाद्या डॉक्टरला दाखवू का, यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणालो, "काढून टाक." अण्णांनी सही केली. मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल वाढवून घेतली आणि बिल भरलं. ती फेडायला त्याच वर्षी दसऱ्यानंतर माय पुन्हा फडात गेली.

सहा महिने दुखणं दबलं, मग परत आलं. त्याच जागी, तसंच. वर आणखी नव्या गोष्टी सुरू झाल्या. अंगाचा एकदम भडका व्हायचा, रात्री घामानं चोळी भिजायची, हाडं ठणकायची. आम्ही पुन्हा आमच्या डॉक्टरांकडं गेलो. ते हसून म्हणाले, "अहो, आता पिशवीच नाही, तर दुखणार काय?" माय काही बोलली नाही. बाहेर आल्यावर पायरीवर बसली आणि म्हणाली, "दुखायला जागाच ठिवली न्हाई म्हणत्यात. तरी दुखतंय. मंग मी काय खोटं बोलते का रं?"

हा प्रश्न मी पंधरा वर्षं बाळगून आहे.

२०१९ साली आमचा जिल्हा एकाएकी देशभर गाजला. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात म्हणून पेपरात छापून आलं, परदेशातले पत्रकार आमच्या वाड्या-तांड्यांवर येऊन गेले. त्या जूनमध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागं एक. देशपातळीवरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. पुढं खासगी दवाखान्याला अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची अट आली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानंही गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रियांबाबत सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

मी तो आकडा मायला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी त्यात हाय का?" तिची गाठ कुठल्या पाहणीवाल्याशी पडली होती की नव्हती, मला ठाऊक नाही. पण त्या तेरा हजार बायकांतल्या कितीजणी तिच्यासारख्या पायरीवर बसल्या असतील, हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

लोक म्हणतात, हा सगळा पैशांचा खेळ. डॉक्टरांना चिठ्ठीमागं कट मिळतो. मिळत असेल. आमच्या डॉक्टरांना मिळाला की नाही, हे मी पाहिलेलं नाही, म्हणून म्हणणार नाही. मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे. समजा त्यांनी एक रुपयाही घेतला नव्हता. समजा त्यांना मनापासून वाटत होतं, की पिशवी काढली की बाई बरी होईल. मग त्यांची चूक काय? डॉक्टरला सगळंच कळलं पाहिजे, असं म्हणणं बरोबर नाही. बायकांच्या ओटीपोटातलं दुखणं सगळ्या जगात उशिरा कळतं. गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा एक आजार आहे, तो ओळखायला मोठ्या शहरांतल्या शिकल्या-सवरल्या बायकांनाही वर्षानुवर्षं दवाखाने हिंडावे लागतात. तालुक्याच्या एका खोलीत दिवसाला शंभर पेशंट बघणाऱ्या माणसाला ते कळलं नाही, हा गुन्हा नाही.

न कळणं ही चूक नव्हतीच, असं मला आता वाटतं. न कळलेलं कळल्यासारखं सांगणं ही चूक. "काही नाही" आणि "काढून टाका" ही दोन टोकांची वाक्यं वाटतात, पण त्या दोन्हींमागं एकच गोष्ट लपलेली होती, "मला माहीत नाही." ती त्यांनी सांगितली नाही. सांगितली असती तर मायच्या हातात निदान एक गोष्ट राहिली असती, थांबायचं की कापायचं हे ठरवण्याची. आपल्या न कळण्याचं ओझं त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून उतरवलं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं. मोळ्या उचलायची सवय असलेल्या बाईनं तेही उचललं.

पण इथं थांबलो तर मी अर्धंच खरं सांगितलं असं होईल. आम्ही तरी "माहीत नाही" ऐकायला तयार होतो का? आमच्या तालुक्याला एक नवीन डॉक्टर आले होते. सुई द्यायचे नाहीत. म्हणायचे, "आठ दिवस थांबा, तपासणी करू, मग बघू." लोक म्हणायचे, "ह्याला काय येत न्हाई." दोन वर्षांत त्यांनी दवाखाना गुंडाळला. सुईला आम्ही पैसे दिले, सलाईनला दिले, कापायला तर उचल घेऊन दिले. कुणी नीट ऐकून घेतलं, त्याचे पैसे द्यायची आमची तयारी नव्हती. ज्या बाजारात खात्रीच खपते, तिथं दुकानदार खात्रीच ठेवणार. डॉक्टरांनी खोटी खात्री दिली हे खरं, पण ती हात पसरून मागणाऱ्यांत मीही होतो. "काढून टाक" हे शेवटचं वाक्य माझं होतं.

पाच वर्षांपूर्वी मी मायला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तासभर रांगेत उभं राहिल्यावर नंबर आला. समोर एक तरुण लेडी डॉक्टर, शिकाऊच असावी. तिनं मला बाहेर बसायला सांगितलं. बराच वेळ झाला, मागची रांग कुरकुरायला लागली, तरी माय बाहेर येईना. शेवटी मला आत बोलावलं. तिच्या हातात २००९चा कागद होता, जो मी कॅरीबॅगेत दहा वर्षं जपून ठेवला होता. ती म्हणाली, "दादा, पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलीत. इथं लिहिलंय. अंगाचा भडका, हाडांचं दुखणं त्यामुळं असू शकतं. त्याच्यासाठी औषध देता येईल." कागद इंग्रजीत होता. मी बारावी सायन्स, पुढं डीएड, आज शाळेत मास्तर आहे. तो कागद मी एकदाही नीट वाचला नव्हता.

मग ती मायकडं वळली. "मावशी, ते पहिलं दुखणं कशामुळं होतं, ते मला आज सांगता येत नाही. पण तुम्हाला दुखतंय, हे खरं आहे. आपण शोधू. दुखेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करत जा."

एसटीत माय खिडकीशी बसली होती. घाट उतरेपर्यंत गप्प. मग म्हणाली, "पोरगी खरं बोलली." मी विचारलं, "काय खरं बोलली? तिला तर काहीच सापडलं नाही." ती म्हणाली, "तेच की."

घरी अण्णांनी विचारलं, "काय निघालं?" मी म्हणालो, अजून काही निघालं नाही. "सुई दिली का?" नाही. "मंग भाडं घालून कशाला गेल्ता एवढ्या लांब?" मायनं त्यांच्याकडं बघितलं आणि पाणी प्यायला आत गेली.

पहिल्या दुखण्याला अजून नाव मिळालेलं नाही. दोन-तीन शक्यता निघाल्या, एक बाद झाली. आमचे जुने डॉक्टर आता थकलेत, दवाखाना मुलगा चालवतो. परवा बाजारात भेटले, मायची चौकशी केली. त्यांना काही सुनवावं असं वाटलं, पण शब्द आला नाही. मी एवढंच म्हणालो, "तिला अजून दुखतं." ते थोडा वेळ उभे राहिले. "तेव्हा मला काही समजलं नव्हतं," असं हळू आवाजात म्हणाले आणि पिशवीतली मेथी सारखी करत निघून गेले.

मी ते घरी येऊन मायला सांगितलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. तिला लिहिता येत नाही, म्हणून माझी मुलगी तिच्यासाठी खुणा करते. त्या दिवसाच्या चौकटीत अजून काही नव्हतं. माय म्हणाली, "आजची फुली राहिली, बाळ. मार." आणि मुलीनं पेन घेतलं.