खर्ज कोणत्या गावचा?

बॅरिटोन सॅक्सोफोन हे जॅझमधले खर्जाचे वाद्य. अंगाने अवजड, ट्रम्पेटसारखी मिरवण्याची हौस त्याला नाही. रसिक मात्र त्याच्या वादकांचीही मुलूखवार वाटणी करतात. जेरी मलिगन म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा, म्हणून सौम्य. पेपर ॲडम्स म्हणजे डेट्रॉइट, म्हणून धारदार. सोयीचे आहे खरे! पण मलिगन जन्माने न्यूयॉर्कचा. १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला त्याने पियानोवाचून चौकडी बांधली आणि चेट बेकरच्या ट्रम्पेटखाली बॅरिटोनला ऐसपैस जागा मिळाली. मग तो सौम्यपणा तिथल्या हवेतला, की या मोकळ्या जागेतला?

माझा कौल जागेला, म्हणजेच सोबतीला आहे. हॅरी कार्नी बोस्टनचा. १९२७ साली, १७ वर्षांचा असताना, तो ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात आला आणि १९७४ मध्ये एलिंग्टन वारेपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या खर्जात बोस्टन शोधणाऱ्याला काय सापडणार?

म्हणून माती खोटी, असे नव्हे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवीत. त्या बळावर गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात उभे राहिले. हळदोण्याचा चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) पडद्यावरही दिसतो. लोक त्याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. यात गौरव किती आणि त्याला त्याच्या नावाने न ऐकण्याची सवलत किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? किराणा घराण्याचे नाव उत्तर प्रदेशातील कैराना गावचे; पण ते बहरले मिरजेत आणि हुबळी-धारवाडकडे. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी ही कानडी मुलखातली माणसे. त्यांना आपले म्हणताना मराठी श्रोत्याने कधी सरहद्द पाहिली नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण ती पाहतो. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले; आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो, २०१४ पासून तेलंगणात आहोत. पैनगंगेपलीकडच्या सोयऱ्यांना आमची मराठी तेलुगू हेलाची वाटते, इकडच्या कचेरीत आमची तेलुगू मराठी वळणाची. दोन्ही निवाडे आमचे वाक्य पुरे होण्याआधीच झालेले असतात, आणि मुलगी दाखवताना हा हेल आडवा येतो, हेही आम्ही पाहिले आहे.

माझी नात घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि अंगणात शेजारच्या गोंड मुलींशी तिसरेच काही बोलते. हिचा हेल कुठला, असे पाहुणे विचारतात. मी त्यांना तिच्या मैत्रिणींची नावे सांगतो.