दुर्मिळ नावांची गर्दी

नेदरलँड्समध्ये मूल जन्मलं की तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत त्याची नोंद करावी लागते, तीही नावासकट. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी. त्यामुळे पुण्यातली आत्या अजून नावांच्या याद्या चाळत असते, तोवर तिकडे मराठी बाप खिडकीशी उभा राहून एकेक अक्षर सांगत असतो. शिवाय नावात ‘ग’ नको, कारण डच घशातून गौरीची ‘खौरी’ होते.

डच आईबापांना पूर्वी तीन दिवसही जास्तच होते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. हे घराघरांत ठरलेलंच. कायदाही कडक होता. संतांच्या पंचांगातली किंवा प्राचीन इतिहासातली नावंच चालतील, हा फ्रेंच अमलातला नियम १९७० पर्यंत कागदावर होता. त्या वर्षी नवा कायदा आला. नाव अनुचित नसावं आणि कुणाचं रूढ आडनाव नसावं, एवढंच बंधन उरलं. आजोबांची सक्तीही तोवर सैलावली होती. आता ज्याला जे आवडेल ते.

मग आवडलं काय? केविन. डब्लिनच्या दक्षिणेला ग्लेंडालॉखच्या दरीत सहाव्या शतकात मठ स्थापणाऱ्या संताचं हे आयरिश नाव. त्याचा डच घराण्यांशी काडीचा संबंध नव्हता, आणि नेमकं म्हणूनच ते हवंसं वाटलं. १९९० च्या दशकाच्या आरंभी मात्र ते तिथल्या अगदी वरच्या नावांत जाऊन बसलं. जर्मनी आणि फ्रान्समध्ये तर १९९१ साली मुलांच्या नावांत पहिलं. याचं श्रेय ‘होम अलोन’मधल्या केविनला देतात, पण तो चित्रपट १९९० च्या अखेरीस आला आणि डच फुटबॉलपटू केविन स्ट्रूटमन त्याच वर्षी फेब्रुवारीत जन्मला होता. चित्रपटाने वारं दिलं. ठिणगी आधीच पडलेली होती.

नाव शोधणारे आईबाप एकमेकांना ओळखत नसतात, पण त्यांचे कान एकाच काळात घडलेले असतात. आजोबांचं नाव नको, शेजाऱ्याचं नको, परकं चालेल पण उच्चारायला सोपं हवं, अशा एकाच चाळणीतून हजारो घरं नावं गाळतात. साहजिकच खाली तेच नाव पडतं. केविननंतर फिन आला, लिअम आला. बालभत्ता देणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत २०१५ साली लिअम पहिला होता. मराठी घरांतले आरव, विवान, कियान याच चाळणीतून आलेले आहेत. दगडू-धोंडूंना नाव सर्रास होण्याची भीती नव्हती. ती नावं मूल जगावं म्हणून ठेवलेली, उठून दिसावं म्हणून नव्हे.

झपाट्याने चढलेलं नाव झपाट्याने उतरतं, असं जोना बर्गर आणि गाएल ल मेन्स या संशोधकांनी २००९ मध्ये फ्रेंच आणि अमेरिकी नोंदींवरून दाखवलं. उतरणीचा भुर्दंड मात्र आईबापांना पडत नाही. त्याच वर्षी जर्मनीत ओल्डेनबर्ग विद्यापीठाने प्राथमिक शिक्षकांची मतं विचारली, तेव्हा केविन हे नाव नसून रोगनिदान आहे, असं एका शिक्षकाने लिहून दिलं. नावावरून घरची ऐपत आणि शिक्षण ताडलं जातं, आणि ते ओझं वर्गात बसलेला मुलगा वाहतो. त्याने तर ते नाव निवडलेलंही नसतं.

तरीही माझं म्हणणं आजोबांच्या सक्तीकडे परत जा, असं नाही. त्या सक्तीखाली सुनेच्या आवडीला विचारतं कोण? निवडीचं स्वातंत्र्य हवंच. फक्त ‘हे कुणाचं नाही ना?’ ही त्याची कसोटी कुचकामी आहे. कारण उत्तर पाच वर्षांत बदलतं आणि ते आपल्या हाती नसतं. रमेश तेंडुलकरांनी सचिन देव बर्मन आवडतात म्हणून धाकट्याचं नाव ठेवलं. पुढे गल्लोगल्ली सचिन झाले, म्हणून त्या घरातलं कारण काही फिकं पडलं नाही. मुलाने मोठेपणी विचारलं तर सांगता येईल असं कारण असावं. मग वर्गात त्या नावाचे चौघे असले तरी बिघडत नाही.