अजून दहा पौंड

डिसेंबरात चार दिवस सुट्टी काढून पणदऱ्याला गेलो होतो. गाळप हंगाम भरात होता. पहाटे तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, उसाच्या ट्रॉलीत हवा मारायला उठवलं. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा मोबाइलच्या उजेडात वाचला आणि गेज तिथे पोचल्यावर थांबलो.

"अजून दहा पौंड मार. आज खेप मोठी हाय."

मी मारली.

तात्यांचा हिशोब वरवर बरोबर वाटतो: वजन जास्त, तर हवा जास्त. एका मर्यादेपर्यंत तो खराही आहे. वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, तापते, आतले धागे सुटू लागतात आणि एक दिवस टायर फुटतो. पण हवेच्या आकड्याशेजारी वजनाचाही आकडा असतो. दोन्ही जोडीने वाचायचे: गार टायरमध्ये इतकी हवा असेल, तर जास्तीत जास्त इतकं वजन. त्यापुढे हवा वाढवून वजनाची मर्यादा सरकत नाही. टायर नुसता ताठ होतो आणि खड्ड्याचा मार त्याला जास्त लागतो.

म्हणजे प्रश्न हवेचा नव्हताच, उसाचा होता. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात आणि ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही.

ट्रॉली काट्यावर नीट पोचली. संध्याकाळी तात्या म्हणाले, "बघ, काय झालं का?"

थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी 1976 साली नेमका हाच प्रश्न 'नैतिक नशीब' या नावाने मांडला. नेगेलचं उदाहरण ब्रेक तपासून न घेतलेल्या ड्रायव्हरचं आहे. मूल आडवं आलं तर जन्मभराचा अपराध, नाही आलं तर किरकोळ निष्काळजीपणा. ड्रायव्हरने दोन्हीकडे केलं तेच. ऑफिसात 'सर्व्हर पडला नाही, म्हणजे कोड बरोबर' म्हणणाऱ्या ज्युनियरला मी झापतो. इथे मात्र गप्प बसलो.

नीरा-बारामती रस्त्यावर त्या दिवशी ट्रॉलीच्या मागे दुचाकीवर कोण होतं, मला माहीत नाही. त्या दहा पौंडांबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण माझ्या इंजिनिअरिंगच्या फीत याच ट्रॉलीच्या खेपा आहेत. त्या ट्रॉल्यांमध्ये किती ऊस होता, हे मीही तेव्हा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या पहाटे म्हणालो, "तात्या, आज आकड्याएवढीच हवा. आणि ऊसही तेवढाच."

"मग हप्ता तू भरतोस का?"

"कमी पडेल तेवढा भरतो."

ते हसले. त्या दिवशी ट्रॉली थोडी कमी भरली. पुढच्या खेपांचं माहीत नाही. किती कमी पडले, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि मीही फोन करून विचारलेलं नाही.