ड्युटी कोण लावणार?

पुस्तकं बंद करा. नर्सिंग मॅनेजमेंटचे तुमचे पेपर तपासून झालेत आणि मला त्यावर बोलायचंय. मागच्या बाकावरच्या ब्रदर्सनीही मोबाइल खिशात ठेवावेत.

पहिल्या प्रश्नाला सगळ्यांना भरपूर गुण पडलेत. लूथर गुलिकने १९३७ साली मांडलेली प्रशासनाची सात कामं तुम्ही नियोजनापासून अंदाजपत्रकापर्यंत ओळीने लिहून काढलीत. घोकंपट्टीत तुमचा हात कुणी धरणार नाही. पण दुसऱ्या प्रश्नात ती सात कामं वापरायची वेळ आली आणि वर्गच्या वर्ग आडवा झाला. तीस खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड, एका सिस्टरमागे सहा रुग्ण, म्हणजे प्रत्येक पाळीला पाच सिस्टर, दिवसाच्या पाळ्या तीन. एकूण किती जणी नेमाल? बहुतेकांनी लिहिलं, पंधरा. काहींनी तर उत्तराखाली दुहेरी रेघ मारली.

पंधरा! म्हणजे तुमच्या वॉर्डात कुणाला साप्ताहिक सुट्टी नाही. कुणाला ताप येत नाही, कुणाच्या घरात मयत होत नाही, कुणाचं मूल दहावीला नसतं. मांडा गणित आता, माझ्यासमोर. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. सगळ्या प्रकारच्या मिळून ४० रजा धरा, सणावाराच्या सुट्ट्या तूर्त सोडून द्या. एका सिस्टरचे कामाचे दिवस उरले २७३. आता पंधरा जागा वर्षाचे ३६५ दिवस भरायच्या, म्हणजे ५,४७५ ड्युट्या. भागा २७३ ने. वीस आले ना? वीस जणी लागतात, आणि त्यात बाळंतपणाची रजा अजून धरलेलीच नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत ३० टक्के रजा-राखीव असं जे लिहिलंय, ते कशासाठी आहे हे आता कळलं का? तुमच्यातल्या कित्येकींनी तो निकष चौथ्या प्रश्नात टीप म्हणून अचूक लिहिलाय. दुसऱ्या प्रश्नात तो कुणाला आठवला नाही.

तीच गत त्या एकास तीनची. शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या वॉर्डाला एकास तीन, असा निकष आहे. तुम्ही लिहिता, एका सिस्टरकडे तीन रुग्ण. ती ओळ पुढे वाचायचे कष्ट घेतलेत का? एकास तीन हे तिन्ही पाळ्या मिळून. प्रत्येक पाळीला एकास नऊ, असं तिथेच स्पष्ट लिहिलंय. जिला हा फरक कळत नाही, ती उद्या मीटिंगमध्ये बसून माणसं मागणार कशी? समोरचा लेखा विभागाचा माणूस कागद फिरवेल, 'मॅडम, निकषाप्रमाणे तुमच्याकडे पुरेशा सिस्टर आहेत' म्हणेल, आणि तुम्ही मान हलवून परत याल. तुमच्या हुकलेल्या गणितातल्या त्या पाच जणींचं काम पंधरा जणींच्या अंगावर पडेल. ऑफ रद्द होतील, डबल ड्युट्या लागतील, आणि मग तुम्हीच चेंजिंग रूममध्ये रडत बसाल की मेट्रनला दयामाया नाही.

मी तुमचं बोलणंही ऐकलंय. 'अॅडमिन म्हणजे कंबर गेल्यावर करायचं काम.' 'आम्हाला पेशंट केअर आवडते, रजिस्टरं भरायला आम्ही नर्सिंगला आलो नाही.' हे वाक्य ज्या कुणाचं असेल तिने नीट ऐकावं. तुझ्या तीस खाटांच्या वॉर्डात आठ रुग्ण अंथरुणाला खिळलेले आहेत असं धर. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तुला पहिल्या वर्षी शिकवलं. बारा तासांच्या रात्रीत एकाला सहा वेळा, आठ जणांना ४८ वेळा. प्रत्येक वेळी दोघी लागतात, पाच मिनिटं जातात. म्हणजे दोन सिस्टरांचे चार-चार तास फक्त कूस बदलण्यात गेले. औषधं, इंजेक्शनं, सलाइन, नवीन अॅडमिशन, मध्येच बिघडलेला रुग्ण, नातेवाइकांची भांडणं, नोंदी, हे सगळं उरलेल्या वेळात. आता त्या रात्री वॉर्डात तू एकटीच आहेस. सांग, तुझी ती आवडती पेशंट केअर कुठे गेली? त्या माणसाच्या पाठीला पडलेलं बेडसोर तुझ्या आळसामुळे पडलं नाही. महिनाभर आधी कुणीतरी एका तक्त्यात रात्रपाळीच्या रकान्यात एकच नाव लिहिलं, तेव्हाच ते पडायचं ठरलं होतं. रुग्णाची सेवा त्या तक्त्यापासून सुरू होते, खाटेपाशी ती फक्त दिसते.

पहिल्या वर्षी दिवे हातात घेऊन तुम्ही शपथ घेतलीत. फ्लोरेन्स नाइटिंगेलचा दिवा सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर १८५४ मध्ये ती ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली, हेही तुम्ही निबंधात लिहिता. त्यापुढचं का लिहीत नाही? त्या हिवाळ्यात स्कुटारीतले मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. परिचारिका रात्रंदिवस राबत होत्या, जखमा धूत होत्या, आणि सैनिक कॉलरा, हगवण, टायफसने मरत होते, कारण इमारतीखाली गटारं तुंबलेली होती आणि हवा खेळायला जागा नव्हती. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग आला, गटारं उपसली, वारा आत घेतला, तेव्हा मृत्यू झपाट्याने उतरले. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून तिने सगळे आकडे तपासले. निव्वळ मायेने माणसं वाचलेली नाहीत, हे त्या आकड्यांतून तिला स्वतःलाच दिसलं. ते पचवायला काय ताकद लागली असेल याचा विचार करा. १८५८ मध्ये तिने त्या आकड्यांची आकृती काढून सरकारपुढे ठेवली आणि उरलेलं आयुष्य इमारती, हवा, पाणी, नोंदी आणि प्रशिक्षण यांच्यासाठी भांडण्यात घालवलं. 'नोट्स ऑन नर्सिंग' या तिच्या पुस्तकात व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपण नसताना आपलं काम कसं चालू राहील, याची तजवीज हा त्याचा विषय. तुमच्यातल्या कितीजणींनी ते पुस्तक उघडलंय? नुसता दिवा घेऊन फोटो काढलेत.

एवढ्या लांबचं नको असेल तर परळला चला. के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत, त्याच रुग्णालयात, परिचारिकांनी त्यांची सेवा केली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं तेव्हा इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगावर बेडसोर नव्हते. लोक म्हणतात, काय माया ती सिस्टरांची! माया होतीच, त्याबद्दल दुमत नाही. पण एकेचाळीस वर्षांत दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर पंचेचाळीस हजारांच्या आसपास ड्युट्या होतात. त्यात सिस्टर बदलल्या, निवृत्त झाल्या, नव्या मुली आल्या, मेट्रन बदलल्या, संप झाले, पूर आले. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हातात ते काम न सांडता दिलं. हॅंडओव्हर, नोंदी, देखरेख, तक्ते. हे नर्सिंग प्रशासन आहे, आणि याहून मोठा धडा मी तुम्हाला कुठल्याही पुस्तकातून देऊ शकत नाही.

आकड्यांनी सिद्ध झालेलं हवं असेल तर तेही आहे. लिंडा एकन या स्वतः नर्स असलेल्या संशोधिकेने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १६८ रुग्णालयं तपासली. २००२ साली तो अभ्यास छापून आला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियात तर नर्स आणि रुग्णांचं प्रमाण कायद्यात घातलं गेलं, २००४ पासून ते लागू आहे. त्यासाठी तिथल्या नर्सेस आकडे हातात घेऊन वर्षानुवर्षं लढल्या. तुम्हाला एक भागाकार जड जातो.

आणि कृपा करून मला सांगू नका की हे काम एमबीए झालेली माणसं करतील. तीच तर माझी भीती आहे. मोठ्या खासगी रुग्णालयांत आज कितीतरी ठिकाणी सिस्टर किती, कुठे, किती पगारावर, हे जिने-ज्याने आयुष्यात एकदाही सक्शन केलेलं नाही असं माणूस ठरवतं. त्याला खाटांची संख्या दिसते. त्या खाटेवरच्या माणसाला किती हात लागतात ते दिसत नाही. पोटॅशियम क्लोराइडचं अॅम्प्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरचं अॅम्प्यूल एका ट्रेमध्ये ठेवलं तर काय होऊ शकतं, हे त्याला सांगावं लागतं. तुम्हाला सांगावं लागू नये. कपाटात काय कुठे ठेवायचं, इंडेंट कधी पाठवायचा, क्रॅश कार्ट कुणी, कोणत्या वेळी तपासायची, चूक झाली तर ती न घाबरता सांगता येईल असं वातावरण वॉर्डात कसं ठेवायचं, हे ज्याला कळतं त्याच्या हातात तो अधिकार हवा. तो अधिकार मागून मिळत नाही. त्यासाठी शिकावं लागतं.

शिकायचं कुठे, तर ऐका. आपल्याकडे एमएस्सी नर्सिंगच्या पाच शाखा आहेत आणि त्यांतली कुठलीही घेतली तरी दुसऱ्या वर्षी नर्सिंग मॅनेजमेंटचा पेपर आहेच, त्यापासून पळ काढता येणार नाही. प्रवेशाआधी एका वर्षाचा अनुभव लागतो. ते वर्ष पाट्या टाकण्यात घालवू नका, इन्चार्ज सिस्टर काय करतात ते बघण्यात घालवा. रुग्णालय प्रशासनाकडेच वळायचं असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत त्याची पदव्युत्तर पदवी आहे. सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका ही वाट तुम्हाला माहीत आहे. पण शिकवण्याकडेही जाता येतं, पाठ्यनिर्देशिकेपासून प्राचार्यांपर्यंत. इन्फेक्शन कंट्रोल नर्स आणि क्वालिटी विभाग यांना खासगी रुग्णालयांत मानांकनामुळे मोठी मागणी आहे. सैन्याच्या परिचर्या सेवेत तुम्ही लेफ्टनंट म्हणून लागता आणि तिचं सर्वोच्च पद मेजर जनरलचं आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून त्या वाटेने मुली जातात. जर्मनीला, आखाताला जायचंय? जरूर जा. तिथेही पाच वर्षांनी कुणीतरी विचारेल, या युनिटची जबाबदारी घेणार का.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर झाला आहे. या व्यवसायाचे नियम तुमच्या डोळ्यांदेखत नव्याने लिहिले जात आहेत. त्या टेबलाशी बसायला आकडे, कायदा आणि वॉर्ड या तिन्हींची जाण असलेल्या नर्सेस लागणार आहेत. तिथे तुम्ही नसलात, तर तुमच्या वतीने बोलणारी माणसं आधीच तयार बसलेली आहेत.

आता उठा. आज दुपारच्या पोस्टिंगला ज्या वॉर्डात जाल, तिथल्या इन्चार्ज सिस्टरांकडून गेल्या महिन्याचा ड्युटीचा तक्ता मागून घ्या. ऑफ किती रद्द झाले, रात्री किती जणी होत्या, किती रुग्ण होते, ते मोजा आणि त्या रात्रींत कोणाला काय झालं हे घटनांच्या रजिस्टरमध्ये ताडून बघा. सिस्टर चिडल्या तर मी पाठवलंय म्हणून सांगा. सोमवारी मला आकडे हवेत, आणि त्या वॉर्डाला किती सिस्टर कमी आहेत याचं अधिसेविकांच्या नावाने लिहिलेलं पत्रही हवं. जे पत्र पाठवण्याजोगं असेल, ते माझ्या सहीने पुढे जाईल.